तेल पिणारे गवत

बस आगारातल्या पाळणाघराला अंगण नव्हते. मागे मोकळी जमीन होती, परंतु वर्षानुवर्षे इंजिनांतले जळके तेल तिच्यावरच ओतल्याने ती काळी आणि चिकट झाली होती. मुलांना खेळण्यासाठी ती साफ करून मिळावी म्हणून पाळणाघर सांभाळणाऱ्या मावशींनी किती हेलपाटे घातले! आगारप्रमुखांना ऐकू आले तर शपथ.

अखेर शेतकी महाविद्यालयात शिकवणारी भाची मदतीला आली. "मावशी, गवत लाव. त्याच्या मुळांपाशी बारीक जीव वाढतात, ते तेल खातात. पण वेळ लागेल हं."

"तुझ्या लग्नाला लागतोय तेवढा?"

"त्याहून थोडा कमी."

पहिले बी जळून गेले. मावशींनी खत कालवून पुन्हा पेरले. चालक येता-जाता खोडी काढत, "मावशी, म्हैस कधी आणताय?"

"आधी तुला बांधायला खुंटा बघते!"

तिसऱ्या वर्षी गवत कंबरेला लागले. भाचीने खणून पाहिले. वरची माती भुसभुशीत झाली होती, खाली मात्र तेलाचा वास कायम होता. "अजून दोन वर्षं तरी धीर धर," ती म्हणाली.

तेवढ्यात वरिष्ठांची पाहणी ठरली, आणि पाहणी म्हटली की आपल्या कार्यालयांतली अक्कल रजेवर जाते. आगारप्रमुखांना त्या गवतात निव्वळ रान दिसले. मावशींच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी ते यंत्र लावून मुळासकट उपटवले. खालचा काळा चिखल वर आला, तेव्हा त्यावर तांबडी माती पसरली, झोपाळा रोवला आणि 'बालोद्यान' अशी पाटी ठोकली. तीन वर्षांची मेहनत एका दुपारी मातीत घालण्याला म्हणे सुशोभीकरण म्हणतात!

पाहुण्यांसमोर साहेब प्रसन्न होते. "मावशी, झालं ना तुमच्या मनासारखं? आणा मुलांना."

मावशी पाळणाघराच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "आणते की. आधी तुमचा नातू आणा साहेब. इथे रांगू दे त्याला, दोन मुठी माती तोंडात घालू दे. मग माझी मुलं सोडते."

"तुम्ही पण ना, मावशी!" साहेब हसले. नातू समोरच्याच बंगल्यात होता, पण त्याला आणायला कोणी हलले नाही.

फीत तरीही कापली गेली, छायाचित्रेही निघाली. मुले आतच राहिली. पाहुण्यांच्या गाड्या फाटकाबाहेर पडताच मावशींनी झोपाळ्याच्या साखळ्या उतरवल्या आणि भाचीला फोन लावला, "बी पाठव. आणि या खेपेला कुंपणाची तारही."