कोऱ्या पेपरचे गुण

ताई आषाढात गेली. मी तेव्हा वापीला नोकरीवर होतो. तिला कावीळ झालीय एवढंच ठाऊक होतं... उधन्याच्या आमच्या खोलीशी पोचलो तर बाहेर माणसं बसलेली, आणि जो तो म्हणत होता, "पोरगी फार हुशार होती." ऐकून अंगाचा तिळपापड झाला. एवढी हुशार होती तर गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेण्यातच तिचं आयुष्य का गेलं, हे कुणी विचारलं नाही.

तिला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचं होतं. वडील पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगखात्यात. ते घरी आले की त्यांच्या नखांतला रंग कशापासून बनतो ते ती सांगायची आणि ते कौतुकानं हात पुढे करून बसायचे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी लेखी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत चाचण्या, तिन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागे. एकातले जास्तीचे गुण दुसऱ्यात चालत नसत. चाचण्या तीन, त्यांतल्या चांगल्या दोन धरायच्या. दुसरी चाचणी नेमकी श्रावणात, आमच्या लोकांत घरी बसवतात त्या कानबाई देवीच्या विसर्जनाच्या सोमवारी आली. त्या वर्षी साऱ्या भाऊबंदांची कानबाई आमच्याकडे बसली होती. आईची कंबर धरलेली. देवीचा चौरंग डोक्यावर घेणार कोण? आई म्हणाली, "कानबाई वरीसमा एकदाव येस. परीक्षा तं कायमनी शे." ताई भांडली नाही. पहिली चाचणी चांगली गेलीय, तिसरी चांगली देईन, मधली तशीही सोडूनच देतात, असा तिनं हिशेब मांडला. आणि कानबाई डोक्यावर घेऊन ती तापीवर गेली.

निकाल लागला. लेखीत ताई वर्गात पहिली, आणि रसायनशास्त्रात नापास! तिन्ही चाचण्यांना जो हजर त्याच्याच चांगल्या दोन धरायच्या, नाहीतर अंतर्गत गुण शून्य, असा नियम निघाला. कोरा पेपर देऊन उठली असती तरी चाललं असतं. मी तिच्याबरोबर कॉलेजातल्या सरांकडे गेलो होतो. मान वर न करता ते गुजरातीत म्हणाले, "नियम एटले नियम, बेन." पुढच्या खेपेला ती पास झाली, पण दुसऱ्या खेपेला प्रथम वर्ग मिळत नाही, आणि प्रथम वर्गाशिवाय एम.एस्सी.ला कुणी दारात उभं करत नाही. तिला काय येतं यापेक्षा ती त्या सोमवारी कुठल्या बाकावर बसली नव्हती, हे त्यांनी मोजलं. त्या माणसांचा मला अजून राग येतो. आईचाही येतो. लपवून काय करू?

ताई मात्र रागावलेली दिसली नाही. दर वर्षी नवं कॅलेंडर आलं की आधी श्रावणाचं पान काढायची, कानबाईच्या सोमवारला लाल गोल करायची आणि शिकवणीच्या पोरांना बजावायची, "या दिवशी परीक्षा असली तर जायचं. काही येत नसलं तरी जाऊन बसायचं."

ताईच्या सुतकामुळे यंदा आमच्याकडे कानबाई नाही. परवा शेजारची मनीषा रडवेली होऊन आली. तिच्या घरी कानबाई, सोमवारी तिची चाचणी, आणि आजी सोडायला तयार नाही. आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, त्या लाल गोलाकडे बघत राहिली...

"पहिले परीक्षा दे पोरी," ती म्हणाली. "तुनी आजीले मी सांगस. कानबाई काही पळी जात नही."

मनीषा डोळे पुसत घरी पळाली. इतकं सोपं वाक्य होतं ते. माझ्या बहिणीच्या वाट्याला तेवढंसुद्धा आलं नाही.