नवरदेवाची व्हॅन

मुरबे गावात मासळी घ्यायला गेलो आणि गाडी मागे घेताना जयवंतीबाईंनी वाळत घातलेल्या जवळ्यावर, म्हणजे बारीक कोळंबीवर, चढवली. मी मूळचा कराडकडचा; रस्त्याच्या कडेला पसरलेलं ते गुलाबीसर काहीतरी मला वाळूच वाटलं. वाळू एवढी कुरकुरत नाही, हे चाक फिरल्यावर कळलं.

जयवंतीबाई समोरच आपली जुनी व्हॅन धूत होत्या. ओरडल्या नाहीत. फडकं खांद्यावर टाकून आल्या, दार उघडलं आणि म्हणाल्या, "उतरा." मी उतरलो. त्यांनी माझी गाडी अलगद बाहेर काढली आणि वर विचारलं, "मागं बघायचे आरसे शोभेला लावलेत का?"

बाई आमच्या बोईसरच्या कॉलनीत मासळी घेऊन येतात, म्हणून ओळख. पूर्वी रिक्षावाले त्यांना दुरूनच हात हलवायचे. "मौसी, बास मारता है, दूसरी देखो." संध्याकाळी हेच लोक त्यांच्याकडे सुरमईचा भाव विचारणार. एक दिवस एका रिक्षावाल्यानं भर उन्हात माशांच्या पाट्यांसकट उतरवलं, तेव्हा बाई सरळ ड्रायव्हिंग शिकायला गेल्या. गाव हसलं. मग व्हॅन आली आणि गावाचं हसू बंद होऊन गावाची कामं सुरू झाली. कुणाला पालघरच्या कचेरीत सोड, कुणाची बाळंतीण घरी आण. पुतण्या हितेश तर परीक्षेला जायचा तोच काकीच्या शेजारी बसून.

उद्या त्याच हितेशचं लग्न, बोईसरच्या हॉलवर. म्हणून ही धुलाई. आरशाला झेंडूची माळही लागली होती.

तेवढ्यात धाकटे दीर आले. हरेश्वर, म्हणजे नवऱ्यामुलाचे वडील.

"वयनी, उद्या चावी द्या. चालवाया कोनतरी बाप्या बघतो. नवऱ्याच्या गाडीवर बाईमानूस बरं नाय दिसत. तुमी मागं बसा, बायकांत."

बाई टायर पुसत राहिल्या. माळ मात्र त्यांनी काढून ठेवली.

मग हरेश्वरांची नजर माझ्यावर पडली. "साहेब, तुमी येता का? तुमाला येते ना गाडी?"

माझ्या चाकाला अजून जवळा चिकटलेला होता! मांजर टायर चाटत होतं. एवढा पुरावा समोर असताना माझी लायकी कशावरून ठरली, तर मिशीवरून. मला संताप आला. बाळंतिणीला आणताना बाईमाणूस चालतं, धो धो पावसात तापलेलं पोर दवाखान्यात नेताना चालतं, आणि हारतुरे घालून चार लोकांत मिरवायची वेळ आली की ड्रायव्हरला मिशी लागते. मी हे सगळं हरेश्वरांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे तंबाखू मळली. "तुमचं बरोबर हाय साहेब, पन लोक काय बोलतील?" म्हणाले, आणि जाता जाता वहिनीला बजावलं, "सकाळी चावी घ्यायला येतो."

मी धुमसत उभा. बाईंनी बादली पालथी केली, चावी कनवटीला खोचली आणि फुटलेला जवळा झाडू लागल्या.

"अहो, सकाळी ते येतील," मी म्हणालो. "चावी दिली नाहीत, तर नवरदेव हॉलवर जाणार कसा?"

"त्याला पाय हायत."