दुसरा मास्टर

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मोठ्या कंपन्यांना प्रेझेंटेशन बनवून द्यायचो. मालक, मी आणि माझ्याहून बारा वर्षांनी मोठी असलेली एक ताई, एवढीच माणसं. मालक मारका होता. पंच मशीन भिंतीवर फेकायचा, कीबोर्ड टेबलावर आपटायचा. एकदा ताईच्या हातातली फाइल हिसकावून त्याने तिच्याच डोक्यात हाणली होती. ती खाली वाकली, कागद गोळा केले आणि कामाला बसली. मी बघत राहिले. माझी ती पहिली नोकरी होती, आणि ऑफिस असंच असतं असं मला वाटायचं.

स्लाइड मास्टर मला ताईने शिकवला. ती मालवणकडची, बोरिवलीत वाढलेली. "एकेका स्लाइडवर लोगो कसला चिकटवतेस गं? मास्टर उघड," म्हणाली. मास्टर म्हणजे सगळ्या स्लाइड्सच्या मागचं मूळ पान. रंग, फॉन्ट, लोगो, मथळ्याची जागा तिथे एकदा बसवली की पुढची प्रत्येक स्लाइड तशीच निघते. मला ते भयंकर आवडलं. पंप बनवणाऱ्या एका कंपनीसाठी मी दोन आठवडे खपून टेम्प्लेट केलं. तक्त्याचा लेआउट वेगळा, फोटोचा वेगळा, नुसत्या आकड्यांचा वेगळा. मालकाला मात्र मास्टर कधी कळला नाही. तो सगळं हाताने ओढायचा, इकडून तिकडे चिकटवायचा.

त्या कंपनीची मीटिंग अंधेरीला होती. दुपारी तीनला मालक परत आला, तेव्हा जिन्यातच त्याचा आवाज ऐकू आला. लॅपटॉप माझ्यासमोर टाकून त्याने अकरावी स्लाइड उघडली. कोपऱ्यात त्या कंपनीच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचा लोगो होता.

"हा कोणाचा बाप?" त्याने विचारलं.

मला कारण लगेच दिसलं. त्याने सकाळी त्या प्रतिस्पर्ध्यासाठी केलेल्या जुन्या प्रेझेंटेशनमधल्या नऊ स्लाइड्स आणून मध्ये चिकटवल्या होत्या, मूळ रूप तसंच ठेवून. त्यांच्याबरोबर त्यांचा मास्टरही आला होता. मी मास्टर व्ह्यू उघडला आणि डाव्या हाताचं बोट स्क्रीनवर ठेवलं.

"सर, हे बघा, दोन मास्टर आहेत. वरचा माझा. खालचा तुम्ही चिकटवलेल्या स्लाइड्सबरोबर आलाय."

त्याने एकदा स्क्रीनकडे बघितलं. मग माझं मनगट धरून हात कीबोर्डवर दाबला आणि झाकण आपटलं. मी ओरडले. त्याने झाकण उचललं नाही. दोन्ही तळवे त्यावर ठेवून त्याने अंगाचा सगळा भार टाकला. काचेचा कचकन आवाज आला, आणि त्याच्या आत दुसरा, ओला आवाज. तो माझ्या बोटांचा होता.

"सोड तिका," ताई म्हणाली. ती ओरडली नव्हती. तो वळलाही नाही. तिने टेबलावरची पाण्याने भरलेली स्टीलची बाटली उचलली आणि त्याच्या कानावर घातली. तो शेजारच्या खुर्चीवर आदळून खाली कोसळला. उठायला लागला तर तिने परत मारलं, या वेळी खांद्यावर. तिसऱ्यांदा बाटली वर गेली तेव्हा मी उजव्या हाताने तिची ओढणी खेचली. "पुरे ताई, मरेल तो." त्याच्या कानातून रक्त शर्टाच्या कॉलरवर उतरत होतं. खरं सांगायचं तर ओढणी धरायला मी जरा उशीरच केला. दुसरा घाव बसताना मला बरं वाटलं होतं.

माझी दोन बोटं मोडली होती. त्याच्या कानाला टाके पडले. पोलीस चौकीत त्याची तक्रार ताईविरुद्ध, माझी त्याच्याविरुद्ध. हवालदार लिहिता लिहिता थांबले. "हा मास्टर कोण? तोपण तिथे होता का?" मी प्लास्टर दुसऱ्या हाताने सावरत त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि लिहिलं, 'कामावरून वाद.'

चार दिवसांनी मालकाचा वकील आमच्या कांजूरमार्गच्या घरी आला. "तुम्ही मागे घ्या, ते पण घेतील. नाहीतर त्या बाईंचं कठीण आहे. हत्याराने मारलंय." मला मालक आत गेलेला बघायचा होता. झोपेत मी त्याला मारायचे, रोज वेगळ्या वस्तूने. पण ताईच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती. मी सही केली.

ताईला कळलं तेव्हा तिचा फोन आला. "माका इचारलंस?"

"ताई, तुझ्यासाठीच केलं ना."

"मी निस्तरलं असतं माझं. मी मारलं ते लपवायला नाय मारलं." तिने फोन ठेवला, तो सात महिने उचलला नाही.

मी सांताक्रूझला दुसरीकडे लागले. करंगळी सरळ होत नाही. कोणी मागून येऊन माझ्या स्क्रीनवर वाकलं की अजून माझे हात आपोआप मांडीवर येतात.

मग एका रविवारी ताईने एक फाइल पाठवली. घरूनच कामं घ्यायला लागली होती, आणि कुठल्याशा शाळेच्या टेम्प्लेटमध्ये मथळे सरकत होते. मी बोरिवलीला तिच्या घरी गेले. दोघींनी मिळून लेआउट नीट केले, नको असलेले तेरा काढून टाकले. चहा झाल्यावर ती खिडकीकडे बघत म्हणाली, "तू ओढणी धरलीस त्याचा राग होता मला. सहीचा नव्हता."

"मी उशिरा धरली, ताई."

"म्हायत आसा माका," ती म्हणाली, आणि पुढची फाइल उघडली.