मोतीनं नाकारलेला मध

मंडळी, आज घेतलेल्या मधापायी माझी अर्धी माचिस गेली आणि मोहल्ल्यातली सगळी पत. म्हणून हा कागद वाचनालयाच्या फळ्यावर लावतोय.

वैद्यांनी हिच्या खोकल्यावर चूर्ण दिलंय, तेही अस्सल मधातूनच चाटायचं. सकाळी रामटेककडचा मधवाला दारी आला. मी त्याला म्हणालो, "किराण्याच्या दुकानात केस पिकवले गा मी. मले कोणी फसवू शकत नाही!"

मधात बुडवलेली काडी पेटते का पाहिलं. अर्ध्या माचिशीनंतर एक पेटली, म्हटलं, पास. मग मध लावलेली पोळी गल्लीतल्या मोतीपुढे टाकली, कारण अस्सल मधाला कुत्रा तोंड लावत नाही म्हणतात. मोतीनं हुंगून मान फिरवली. माझ्या शब्दावर तुम्हीही बाटल्या घेतल्या.

दुपारी शेजारच्या सुशीलाबाई म्हणाल्या, "भाऊजी, मधवाला मोठा दयाळू! गल्लीत शिरतानाच मोतीले पुडाभर जिलेबी चारून राहिला होता."

ही खोकत खोकत हसली. "अवो, तुमच्या इन्स्पेक्टरनं लाच खाल्ली!"

तिचा खोकला तसाच आहे. कुणाच्या घरी खात्रीचा मध असेल तर वाटीभर द्याल का?

आमच्या बाटलीतला हवा असेल तर खुशाल न्या, पण संध्याकाळी भूक लागल्यावर मोतीनं तीच पोळी मधासकट फस्त केली.