बॅगेवरचं नाव

निघायला आठ दिवस उरले तरी बॅगेवर नाव नव्हतं, आणि तिथेच धाकटीच्या मनात पाल चुकचुकली.

तिचे वडील पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचे, तेही ब्रशने, हाताने. घरातलं कुणी लांब निघालं की त्याच्या बॅगेवर पांढऱ्या रंगात नाव घालायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. थोरली सासरी निघाली तेव्हा तिच्या ट्रंकेवर घातलं, मामाच्या वळकटीवरसुद्धा घातलं. आणि आता धाकटी दोन वर्षांसाठी परदेशी शिकायला निघाली, तर रोज नवी सबब. कधी हवा दमट, कधी पांढरा रंग संपलेला. बॅग आपली दाराशी कोरी करकरीत उभी.

बाबांना आपल्याला पाठवायचंच नाही, असं आधी तिला वाटलं. पण पाठवायचं नसतं तर त्यांनी स्वतः उभं राहून तिच्यासाठी कोट शिवून घेतला नसता. मग पाणी मुरतंय कुठे?

तिने नजर ठेवायला सुरुवात केली. बाबा रोज दुपारी रंगांची पेटी घेऊन कामाला जायचे, पण ब्रश पाहावेत तर कोरडे ठणठणीत. ब्रश धुवायच्या टर्पेंटाईनच्या बाटलीवर तिने पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली. तीन दिवसांत बाटली रेघेखाली गेली नाही. औषधाच्या दुकानाची नवी पाटी बाबांनी केली, असं आई सांगत होती, म्हणून धाकटी मुद्दाम तिकडून गेली. बाबांच्या अक्षराला शेवटी एक हलकीशी उचल असते, वाचणाऱ्याला नमस्कार केल्यासारखी. ह्या पाटीवर सगळं ताठ, पट्टी लावल्यासारखं. हा हात बाबांचा नव्हता. हा हात समोरच्याचा होता.

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा पेंटर. अकरा वर्षांपूर्वी एका शाळेच्या पाटीवरून बाबांचं आणि त्याचं वाजलं, तेव्हापासून घरात त्याचं नावसुद्धा घेत नसत. मग त्याचं काम बाबांच्या नावावर कसं?

तिने थोरलीला फोन लावला. थोरली म्हणाली, कसलं काय, तू आपलं सामान भर. पण ती हे इतक्या घाईने म्हणाली की धाकटीचा संशय दुप्पट झाला. घर सगळं एक झालेलं आणि ती एकटी बाहेर.

राहिली आई. आईची एक गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती: एरवी ती वेळ मारून न्यायची, पण देवापुढे हात जोडलेले असताना तिच्या तोंडून खोटं निघत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने तीच वेळ गाठली आणि मागे उभी राहून विचारलं, बाबा दुपारी कुठे जातात? आईने डोळे उघडले नाहीत. प्रार्थना संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, तीही संपली, तरी हात जोडलेलेच आणि तोंड बंदच. उत्तर न देणंही उत्तरच की.

त्या दुपारी ती बाबांच्या मागोमाग निघाली. बाबा कोपऱ्यापर्यंत गेले, इकडेतिकडे पाहिलं, रस्ता ओलांडला आणि थेट समोरच्याच्या दारातून आत. तिने खिडकीतून पाहिलं. बाबा स्टुलावर बसले होते, पुढ्यात जुना पत्रा. ब्रश डाव्या हातात. उजवा हात मांडीवर ठेवलेला, आणि त्याची बोटं आपोआप थरथरत होती. पत्रा धरून समोरचा सांगत होता, मनगट नको, खांदा हलव. पत्र्यावर वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता, तिचं नाव. वर नुसती गिचमिड, खाली उतरता उतरता अक्षरं ओळखू येत होती.

ती आत गेली तेव्हा कुणीच दचकल्याचं सोंग केलं नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तुझं प्रवेशाचं पत्र आलं त्याच्या आधीपासून."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर थांबली असतीस," बाबा म्हणाले. "म्हणूनच नाही सांगितलं."

समोरच्याने मग खालच्या आवाजात सांगितलं, की आखणी आणि मोजमाप ह्याचं, रंगवणं माझं. दोघांचा मिळून एक माणूस होतोय. अकरा वर्षं भांडून शेवटी शिष्य मिळाला, तोही डावखुरा.

धाकटी हसली नाही. डॉक्टर काय म्हणाले, तिने विचारलं. जिवाला धोका नाही, बाबा म्हणाले. पण इतके दिवस खोटं ऐकल्यावर हे खरं कशावरून धरायचं? ती तडक घरी आली, आईचे दोन्ही हात धरून जोडले आणि तिला देवापुढे उभं केलं.

"आता सांग. मी गेले तर बाबा मला परत दिसतील ना?"

ह्या वेळी आईने पुन्हा प्रार्थना सुरू केली नाही. "हाताचं काम जाईल," ती म्हणाली, "माणूस राहील. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय."

धाकटी तिथेच खाली बसली आणि पोटभर रडली.

निघण्याच्या आदल्या दिवशी बाबांनी बॅगेवर नाव घातलं. एक अक्षर घसरलं, पण शेवटी ती उचल होती. वाकडं आलं, ते म्हणाले. वाकडंच बरं, धाकटी म्हणाली, तिकडे लांबूनच ओळखू येईल. मग तिने आपली अट सांगितली: ती रोज फोन करील आणि आईने हात जोडूनच बोलायचं.

"मग फोन धरायचा कुणी?" आईने विचारलं.

"मी धरीन," बाबा म्हणाले. "डाव्या हाताने."