शेंडेफळाचे आटे

गल्लीच्या वळणावर, चष्म्याच्या दुकानाला चिकटून, कॅमेरे दुरुस्त करायची एक खोली आहे. खोली कसली, आत दोघांनी एकदम वळायचं म्हटलं तर एकाने श्वास आत ओढून धरायचा. तिथे काकांनी उभा जन्म काढला आणि काकूंनी त्यांच्या शेजारी बसून अर्धा.

समोरच्या फळीवर तीन कॅमेरे आहेत आणि चौथ्याची जागा मोकळी आहे. सगळे एकाच कंपनीचे. कंपनीने त्यांना आकडे दिले, काकूंनी नाती दिली. थोरलीला दोन खिडक्या. एकीत डोळा घालून अंतर जुळवायचं, दुसरीत घालून चौकट धरायची, तोवर समोरचं मूल उठून पळालेलं असायचं. मधलीत त्या दोन्ही खिडक्यांची एक झाली. धाकटीला एक खटका मिळाला. तो ओढून ठेवला की कॅमेरा थोडा वेळ घुमत राहायचा आणि फोटो काढणारा धावत जाऊन आपल्या माणसांत उभा राहायचा. मग आलं शेंडेफळ. त्यात उजेड मोजणारी सुई होती. शिवाय या तिघींची फिल्म गुंडी फिरवून पुढे सरकवावी लागे, ती गुंडी जाऊन तिथे अंगठ्याने ढकलायचा दांडा आला.

चौथी जागा मोकळी होती, कारण काकांनी दोन शेंडेफळं उघडायला घेतली आणि दोन्ही वेळा दांड्यावरच्या चकतीखालचा स्क्रू तुटला. ती दोन्ही खणात पडून होती. "शेवटी शेवटी कंपनीने हलका धातू घातला," काका म्हणत, आणि तो विषय तिथे संपे.

आता काकांच्या डोळ्यांना उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. त्यांच्या खुर्चीत काकू बसल्या, तसं गिऱ्हाईक दारातूनच "पुन्हा येतो" म्हणून मागे फिरू लागलं. काकांनी मग पुतण्याला खोली देऊन टाकायचं ठरवलं. तो तिथे मोबाइलची कव्हरं विकणार होता.

"मला न विचारता?" काकू म्हणाल्या.

"विचारून काय करू? माणसं तुझ्या हातात कॅमेरा देत नाहीत."

"एक शेंडेफळ येऊ दे. ते चालवून दाखवलं तर खोली राहील."

काका हसले. "मला जमलं नाही ते? बरं. दाखव."

आणि ते आलं. पलीकडच्या रस्त्यावरची स्टुडिओवाली वडिलांचा कॅमेरा कापडात गुंडाळून घेऊन आली. दांडा अर्ध्यात अडकला होता.

"काका बघतील ना?"

"काका ऐकतील. बघणार मी," काकू म्हणाल्या.

बाई घुटमळली. मग दुसरीकडे कुठे न्यावं हेही तिला सुचेना, तेव्हा तिने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि दारातल्या स्टुलावर ठाण मांडून बसली.

काकूंनी दिवा खाली ओढला. दांड्यावरची चकती म्हणजे स्क्रूचंच डोकं, तिला दोन बारीक भोकं होती. त्यांत दोन टोकांचा चिमटा रोवून त्यांनी चकती डावीकडे फिरवली. ती हलली नाही.

"घट्ट असते ती," काका मागून म्हणाले. "जोर लाव."

काकूंनी मनगट आवळलं आणि तिथेच थांबल्या. असाच जोर काकांनीही लावला होता.

"थांबलीस का?"

"तुमचा हलका धातू आठवला. खिडक्या सुधारल्या, खटका दिला, सुई दिली, आणि नेमका स्क्रूच तेवढा भिकार दिला?"

"तू कंपनीची वकील कधीपासून झालीस?"

काकूंनी फळीवरून धाकटी उतरवली. तिची गुंडी फिरवली. ती घड्याळाच्या काट्यांसारखी उजवीकडे फिरली. मग शेंडेफळावर अंगठा ठेवून दांडा ढकलल्यासारखं केलं. दांडा काट्यांच्या उलट, डावीकडे वळत होता. त्यांनी दोन्ही पुन्हा करून पाहिलं.

"अहो, हात द्या इकडे."

त्यांनी काकांचा अंगठा आधी गुंडीवर ठेवला, मग दांड्यावर. "गुंडी उजवीकडे फिरते. स्क्रूचे साधे आटे तिने आवळत जातात. हा दांडा डावीकडे फिरतो. इथे साधे आटे असते तर दर फोटोला स्क्रू थोडा सैल झाला असता, आणि वर्षभरात दांडा हातात आला असता. म्हणजे आटे उलटे पाडलेत. आपण सोडवतोय असं समजून आवळतोय."

काका बराच वेळ दांडा चाचपत राहिले. "तिघींनी हाताला वळण लावलं," ते हळूच म्हणाले, "आणि चौथं आलं तेव्हा मी हाताचंच ऐकलं."

काकूंनी चिमटा उजवीकडे फिरवला. चकती जराशी कुरकुरली आणि आज्ञाधारकपणे सुटली. खाली ग्रीस वाळून डिंकासारखं झालं होतं. ते त्यांनी काडीने खरवडलं, पुसलं, नव्या तेलाचा ठिपका दिला, आणि सगळं उलट क्रमाने बसवलं. मग कॅमेरा काकांच्या कानापाशी धरून दांडा ढकलला, कळ दाबली. पुन्हा ढकलला, पुन्हा दाबली.

"आता दांडा अगदी सावकाश ढकल," काका म्हणाले. त्यांनी कान देऊन ऐकलं. "अजून अडखळतोय. आत थोडं ग्रीस राहिलंय."

काकूंनी चकती पुन्हा उघडली. दुसऱ्या खेपेला काकांनी मान डोलावली.

स्टुडिओवालीने कॅमेरा हातात घेतला, एकदा दांडा ढकलून पाहिला आणि विचारलं, "काकू, सुईसुद्धा उजेड थोडा कमी दाखवते. पुढच्या आठवड्यात आणू?"

"आणा. मीच असेन."

ती गेल्यावर काकूंनी हात पुसले. "पुतण्याला काय सांगणार?"

"दुसरी जागा बघ म्हणून सांगतो," काका म्हणाले, आणि त्यांनी चाचपत खणाची कडी धरली. "ती दोन काढ आधी. तुटलेला स्क्रू आत अडकलाय. तो बाहेर कसा येतो, बघू."

काकूंनी दिवा पुन्हा खाली ओढला.