किंग्स्टनचे आठ, सान होसेचे आठ

रावेतला माझ्या वरच्या खोलीत राहणारी स्वरूपा मूळची लातूरकडची. तिच्या चाकणच्या कंपनीतून पंपांचे सुटे भाग जमैकातल्या किंग्स्टनला आणि कोस्टा रिकातल्या सान होसेला जातात. तिथल्या गिऱ्हाइकांशी ती घरूनच फोनवर बोलते. किंग्स्टन हे उकाड्याचे बंदर. तिथले साहेब आधी क्रिकेटचे विचारतात. सान होसे डोंगरातले, गार हवेचे, कॉफीचे. दोघांनाही त्यांच्या सकाळी आठला फोन लागतो. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी आधी साडेसहाला किंग्स्टन, मग साडेसातला सान होसे. एकेक फोन तासभर चालतो. तिची गावाकडची आई सुभद्राबाई रात्री आठलाच झोपते. त्यामुळे पंधरा दिवस मायलेकींचे बोलणे नव्हते, आणि बुधवारी आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते.

मंगळवारी थकव्यात स्वरूपाने साडेसहाला किंग्स्टनऐवजी सान होसेच लावले. तिथे सातच वाजलेले.

"साहेब म्हणाले, अहो, मी अजून दात घासतोय!" ती मला सांगत होती. "पण दहा मिनिटांत यादी देऊन टाकली बिचाऱ्यांनी."

किंग्स्टन आटोपून ती पावणेआठला माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसली आणि आईला स्पीकरवर फोन लावला.

"जेवलीस का गं? आवाज का असा?"

स्वरूपा दोनदा "हं" म्हणाली आणि टेबलावरच झोपली. मी फोन घेतला.

"सुभद्राबाई, झोपली हो ती. उठवू का?"

"नका उठवू. लई दमली आसंल. जरा तिच्याजवळ धरा फोन."

मी धरला. त्यांनी बराच वेळ फोन ठेवला नाही.